आट्यांतली गळती

शहापूर तालुक्यातील तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे भातसाचेही जाऊ लागले. मुरबाडच्या गावांची जमीन बारवीच्या बुडितात गेली. धरणे अशी उशाशी असूनही एप्रिल-मे आला की याच दोन तालुक्यांतले कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. अशा मुलखात घरच्या टाकीखालचा जोड ठिबकत असेल, तर त्याला किरकोळ म्हणून आम्ही तरी सोडणार नाही.

हिशेब करू. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरांहून जास्त पाणी. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. पाच जणांच्या वुजूचे पाणी एका सांध्यातून रोज जमिनीत जाते!

गळती नेमकी कुठली, ते आधी पाहावे. जोड कोरडा पुसून भोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा. जिथे ओल उमटेल तिथे दोष. पांढरा खर धरलेला लोखंडी जोड, किंवा हिरवा थर चढलेले तांबे-पितळ, हीसुद्धा जुन्या झिरपणीची खूण.

बहुतेक घरांत मग पाना घेऊन जोड आणखी आवळला जातो. इथेच बिघडते. आट्यांमधली जुनी पट्टी फाटलेली असते. नुसत्या आवळण्याने ती जुळत नाही, उलट पितळी नळाला किंवा प्लास्टिकच्या एल्बोला चीर जाते. वरून एम-सील थापणे हाही चार दिवसांचा खेळ, कारण पाण्याचा दाब आतून असतो.

खरा उपाय जोड उघडण्याचा. टाकीचा कॉक बंद करून नळ सोडावा, पाणी उतरू द्यावे. पाने दोन हवेत: एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने जोड फिरवायचा. गिझरजवळ तांब्याचा पाइप असेल तर हे विसरू नये, तांबे मऊ, लगेच पिळवटते. आटे तारेच्या ब्रशने घासून कोरडे करावेत. पाइपाचे तोंड आपल्याकडे धरून टेफ्लॉनची पट्टी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, पाच-सहा वेढे गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर जोड बसवताना ती सुटून येते. पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे तुकडे नळात अडकणार नाहीत. आधी हाताने बसवावे, मग पान्याने बेताने. नळाचे तोंड वाकडे राहिले म्हणून मागे फिरवू नये. मागे फिरवले की पट्टी फाटते, पुन्हा नवी लावावी लागते. जुने कारागीर सूत आणि सफेदा वापरत. पण सफेदा मूळचा शिशाचा, पिण्याच्या पाण्याला नको.

आटेच झिजले असतील तर पट्टीचे दहा वेढेही उपयोगाचे नाहीत, तुकडा बदलावा. आणि गॅसच्या तांब्याच्या नळीला यातले काहीच लागू नाही. तिथे रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून, विजेच्या बटणाला हात न लावता गॅसवाल्याला बोलवावे.

काम संध्याकाळी केले असेल तर कॉक सोडून जोडाखाली कोरडा कागद ठेवावा आणि फजरला उठल्यावर पाहावा.