साळुंकी, तणमोर आणि बंदूक

जगातील सर्वांत उपद्रवी परक्या जीवांची शंभर नावांची एक यादी २००० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. तीत पक्षी अवघे तीन आहेत आणि त्यांपैकी दोन, साळुंकी व लालबुड्या बुलबुल, अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही अंगणात रोज दिसतात. आपल्याकडे ज्यांच्याविषयी कोणाचीही तक्रार नाही, ते परमुलखात गुन्हेगार ठरले आहेत. ऑस्ट्रेलियातील गावोगावी साळुंक्या पिंजऱ्यात धरून मारल्या जातात. केनियाच्या सरकारने तर २०२४ अखेर दहा लाख भारतीय कावळे मारण्याचा संकल्प जाहीर केला होता.

साळुंकी समुद्र ओलांडून स्वतःहून गेलेली नाही. अठराव्या शतकात मॉरिशसमध्ये टोळधाडीवर उपाय म्हणून ती नेली गेली. १८६२ साली मेलबर्नच्या भाजीमळ्यांत आणि पुढे क्वीन्सलंडच्या उसात कीड वेचण्यासाठी तिला सोडण्यात आले. मळेवाल्यांना फुकटचा मजूर हवा होता, तो त्यांनी आणला. काम न जमता त्याचा वंश मात्र वाढला, तेव्हा त्याला परका ठरविण्यात आले. (मजुरांच्या बाबतीतही वसाहतींचा इतिहास याहून फारसा निराळा नाही.)

म्हणून परक्या पक्ष्यांना मारणे सदैव अन्यायच, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. लहानशा बेटावर, जेथे स्थानिक पक्ष्याला पळून जाण्यास दुसरी जागा नाही, तेथे ही निष्ठुरता समर्थनीय ठरते. सेशेल्समधील डेनिस बेटावरील साळुंक्या अशाच पूर्णपणे काढून टाकण्यात आल्या. ते काम एकदाच करावयाचे होते व ते संपले. अमेरिकेने २०२४ साली मंजूर केलेली योजना या कसोटीला उतरत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील ठिपकेदार घुबड वाचविण्यासाठी पूर्वेकडून आलेली पट्टेरी घुबडे तीस वर्षांत साडेचार लाखांपर्यंत मारण्याची मुभा तीत आहे. ठिपकेदार घुबडाला १९९० साली कायद्याचे संरक्षण मिळाले, पण ज्या जुन्या अरण्यांत ते राहते ती लाकडाच्या व्यापाराने त्याआधीच दशकानुदशके तोडून नेली होती. पट्टेरी घुबड आले ते त्यानंतर उरलेल्या जंगलात वाटेकरी म्हणून. ते नुकसान करीत नाही असे नव्हे. परंतु अरण्य तोडून नफा कमावणाऱ्यांच्या वारसांकडे कोणी हिशेब मागितल्याचे ऐकिवात नाही. घुबडाला वकील नसतो.

वऱ्हाडात या वादाचा संबंध काय? येथे कोणता परका पक्षी कोणाला हुसकावीत आहे? प्रामाणिक उत्तर असे की, कोणताही नाही. तरीही येथील दोन पक्षी नाहीसे होण्याच्या वाटेवर आहेत. त्यांतला पहिला रानपिंगळा. १८८४ नंतर तो कोणाला आढळला नव्हता. १९९७ साली शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही सापडला. सागाच्या विरळ रानातील जुन्या झाडांच्या ढोलीत तो राहतो. ती झाडे तोडली कोणी आणि विकली कोणी, याचा शोध घेण्याऐवजी बोट दाखविले जाते ते कोरकूंकडे. बोरी, कोहा, कुंड ही गावे मेळघाटातून उठवून अकोटच्या बाजूला नेली गेली. रायमुनियाची झुडपे मात्र जंगलात राहिली. ही घाणेरी कंपनी सरकारच्या काळात कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आली होती.

दुसरा पक्षी तणमोर, आणि त्याची कहाणी अधिक बोलकी आहे. पावसाळ्यात अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर तो येतो. माद्यांना दिसावे म्हणून नर दिवसातून शेकडो वेळा गवतावर उंच उडी घेतो. त्याला झाड नको, पीक नको, गुडघाभर गवत हवे. नेमकी हीच जमीन महसुलाच्या दप्तरात ‘ई-क्लास’ म्हणून आणि बोलण्यात ‘पडीत’ म्हणून ओळखली जाते. पडीत म्हणजे ज्याला हवी त्याची. कोठे अतिक्रमण झाले, कोठे सोयाबीन आले. महाराष्ट्रभर अशा माळांवर वनीकरणाच्या उत्साहात गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावण्यात आली. हे दोन्ही वृक्ष अमेरिका खंडातील आहेत. परक्यांचा खरा शिरकाव हा असा, सरकारी खर्चाने झालेला आहे.

आणि तणमोराचा शत्रू म्हणून नाव मात्र फासेपारध्याचे! १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले, १९५२ साली ज्यांना त्या शिक्क्यातून मुक्त केल्याचे जाहीर झाले, त्यांच्या हाती १९७२च्या वन्यजीव कायद्याने नवा गुन्हा दिला. तित्तर-बटेर धरणे ही त्यांची उपजीविका होती आणि पर्यायी उपजीविकेची तजवीज कोणी केली नव्हती. तणमोर कोठे घरटे करतो हे पारध्याइतके कोणालाही ठाऊक नाही. या दोन जिल्ह्यांतील काही पारधी बेड्यांनी आता स्वतःहून गवत राखण्याचे आणि घरट्यांवर लक्ष ठेवण्याचे काम अंगावर घेतले आहे.

परकेपणाची रेघ तरी कोठे ओढावयाची? परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड टेकडी राखली आणि सीताफळ विकून संसार चालविले. सीताफळही अमेरिकेतलेच. पायविहीरला त्याची अडचण वाटली नाही, कारण टेकडीचे काय करावयाचे हा निर्णय ग्रामसभेच्या हातात होता.

रोही आणि रानडुकरांनी पीक फस्त केलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न निराळा आहे. त्याला वेळेवर भरपाई हवी आणि ती मिळवून देणे हे पक्षकार्यकर्त्याचे कामच आहे. गवताचा प्रश्न मात्र त्याच्या आड झाकला जाऊ नये. तणमोर येतो त्याच दिवसांत, ऑगस्टात, ग्रामसभा भरतात. ई-क्लासवरील रायमुनिया रोजगार हमीच्या कामात उपटावी, मोलाने राखण करणाऱ्यांत पारधी बेड्यातील माणसे घ्यावी, आणि नर उड्या घेतात ते दिवस सरेपर्यंत कापणी थांबवावी, असा ठराव त्या सभेपुढे आला पाहिजे. मधल्या काळात गुरांच्या चाऱ्याचे काय, हा आक्षेप पहिल्याच रांगेतून येईल आणि तो रास्त असेल. त्याचे उत्तर घेऊनच सभेला जावे लागेल.