फोर बाय फोर गाडी चढवते, थांबवत नाही

परवा स्टँडसमोर चहा घेताना ओळखीतली चार पोरं भेटली. नाताळच्या सुट्टीत स्वतःच्या दोन गाड्या घेऊन मनालीला निघालीत. म्हटलं, बर्फात चालवलीय का कधी? एक जण म्हणाला, "भाऊ, एसयूव्ही आहे आपली, टेन्शन नाय."

मी विचारलं, इंजिनची ताकद कोणत्या चाकांना जाते? पुढच्या की मागच्या? चौघांत एकालाही सांगता आलं नाही.

दोष त्यांचा एकट्याचा नाही. शोरूममध्ये सनरूफ अर्धा तास दाखवतात, हे कुणी सांगत नाही. आणि आपण बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

२०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांगचा रस्ता बंदच असायचा, त्यामुळे मैदानातला ड्रायव्हर तिकडे पोचतच नव्हता. आता दहा हजार फुटांवरच्या बोगद्याच्या तोंडापर्यंत कुणीही जातो. वर जाताना रस्ता कोरडा असतो. दुपारनंतर बर्फ पडतो आणि सोलंगकडे उतरताना खरी परीक्षा होते. डिसेंबर २०२४ मध्ये याच पट्ट्यात हजारभर गाड्या अडकल्या. उतारावरून आपोआप घसरत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

आता गाड्यांचं बघू. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात. इंजिनचं वजन त्याच चाकांवर असल्यामुळे बर्फात बऱ्यापैकी निघतात. पण वळणावर वेग जास्त असला तर स्टेअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. अशा वेळी आणखी वळवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, चाकांना पकड मिळू द्या.

बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा या मागच्या चाकांवरच्या. मागे वजन नसेल तर चढावर चाकं नुसती फिरतात आणि जास्त रेस दिली की मागची बाजू फिरून येते. तसं झालं तर मागचा भाग ज्या बाजूला चाललाय, त्याच बाजूला स्टेअरिंग हळूच द्यायचं. आणि थार दिसली म्हणजे फोर बाय फोरच, असंही नाही. २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवरचीही मिळते.

राहिली फोर बाय फोर. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून ती चढते, रुतलेली निघते. हे खरं. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात! थांबताना फोर बाय फोरवाल्याला ज्यादा काहीच मिळत नाही. उलट गाडी जड. बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या कित्येक पट अंतर लागतं, आणि सहज चढल्यामुळे आलेला आत्मविश्वास उतारावर अंगाशी येतो.

काळ्या रानात चिखलात ट्रॅक्टर घातलेल्याला हे लगेच कळेल. ताकद इंजिनात असते, पकड टायरात. आपले नेहमीचे टायर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतात. म्हणून तिकडे चाकांना साखळ्या लावतात. पुढच्या चाकांवरची गाडी असेल तर पुढे, मागच्यांवरची असेल तर मागे. फोर बाय फोरला शक्यतो चारही चाकांना. आणि साखळी लावायची प्रॅक्टिस घरी अंगणात करा, तिथं बोटं बधिर झाल्यावर जमणार नाही.

उतारावर आधीपासूनच खालचा गिअर, पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर, आणि सगळं हळू: ब्रेक, स्टेअरिंग, ॲक्सिलरेटर. रस्ता नुसता ओला दिसतोय पण चाकांचा आवाज एकदम बंद झाला, तर समजा खाली पारदर्शक बर्फ आहे. सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर तो हमखास असतो.

अडकलात तर काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपू नका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीमध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त माणसं गेली. त्यातले अनेक जण सायलेन्सर बर्फात बुजून आत शिरलेल्या विषारी वायूने गेले, असं तेव्हा सांगितलं गेलं.

माझं मत स्पष्ट आहे. बर्फ पडायला लागला की आपली गाडी मनालीतच ठेवा आणि तिथल्या ड्रायव्हरची फोर बाय फोर करा. चार पैसे जातील, जाऊ द्या. पोलिसांनी नाक्यावर अडवलं तर हुज्जत घालू नका, कुणाच्या ओळखीचा फोन लावू नका. आपल्याला ही सवय फार आहे. बर्फाला कुणाची ओळख नसते.

त्या पोरांना हे सगळं सांगितलं. दोघांनी ऐकलं, दोघं हसले. त्या हसणाऱ्या दोघांसाठी ही पोस्ट. तुमच्या घरातलं कुणी निघालं असेल तर त्यालाही वाचायला द्या.