तुमचा सर्व्हर आमच्या यादीत नाही

सोयाबीनच्या सीझनमध्ये लातूरच्या मार्केट यार्डात सर्व्हर बंद पडला की काय होतं, हे एसीत बसून कळत नाही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका अडत्याचा फोन आला. "सर, मशीन चालू हाय, पण पट्टी निघंना झाली." माल विकून शेतकरी हिशोबाच्या पट्टीसाठी ताटकळलेले.

सॉफ्टवेअर आमचं, सर्व्हर त्यांचा. लॉगिन करून सवयीने 'सिस्टीमसीटीएल' टाइप केलं. कमांड नॉट फाउंड! बघतो तर फ्रीबीएसडी. मनात पहिलं वाक्य आलं ते अस्सल सपोर्टवाल्याचं: हे आमच्या यादीत नाही, उबुंटू टाका, मग बोलू.

ते गिळलं आणि विचारलं, हेच का निवडलं? सर्व्हर त्यांच्या भाच्याने बसवलेला. तो म्हणाला, "दादा, आधी तुमच्याच यादीतलं सेंटओएस ८ होतं की." माझी बोलतीच बंद. २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर आम्हीच ते लोकांना टाकायला लावलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ते संपलंसुद्धा.

मग हँडबुक उघडलं. फ्रीबीएसडीत मशीन सुरू होताना कोणती सर्व्हिस चालू करायची, ते 'आरसी डॉट कॉन्फ' या फाइलीत लिहावं लागतं. पोस्टग्रेसची ओळ तिथे नव्हतीच. कधीतरी हाताने सुरू केलेला डेटाबेस लाइट जाऊन आल्यावर उठला नाही, एवढंच. एक ओळ घातली, सर्व्हिस सुरू केली, पट्ट्या निघाल्या.

आता मान्य, प्रत्येकाची हौस आपण फुकट पुरवू शकत नाही. रात्री अकराला अनोळखी सिस्टीमशी झटापट नव्या पोराच्या गळ्यात मारणंही बरोबर नाही. यादी हवीच. पण लॉग काय म्हणतो, डिस्क भरली का, पोर्ट उघडा आहे का, डेटाबेस जिवंत आहे का, हे प्रश्न कुठल्याही सिस्टीमवर तेच असतात. तेवढं यादी न बघता करावं. त्यापुढे जमत नसेल किंवा पैसे लागणार असतील, तर तसं तोंडावर सांगावं. गिऱ्हाइकाला लोंबकळत ठेवू नये.

त्या रात्री मी दोन पानी टिपण लिहून टीमला दिलं. फ्रीबीएसडी अजूनही आमच्या यादीत नाही. पण पुढचा फोन येईल तेव्हा निदान कुठली फाइल उघडायची ते माहीत असेल.

तुमच्याकडे यादीबाहेरचं गिऱ्हाईक आलं तर तुम्ही काय करता?