दुखतो की दगा देतो?



परीक्षेच्या आधी वर्गात आम्ही नेहमी सांगतो, "मुलांनो, प्रश्न नीट वाचा आणि जे विचारलंय तेच लिहा." गेल्या वर्षी हा धडा आम्हालाच गिरवावा लागला, तोही डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून.

झालं असं की, फळ्यावर लिहून मुलांकडे वळताना आमचा डावा गुडघा एकाएकी वाकला. टेबल धरलं म्हणून पडलो नाही. मुलं हसली, आम्हीही हसलो. पंधरा दिवसांनी पाचोडच्या बाजारात, हातात मोसंबीची पिशवी असताना, तेच झालं आणि या वेळी खाली बसलो. मग शाळेचा जिना उतरताना, मग फजरच्या नमाजीत सजद्यातून उठताना. सूज नव्हती, फारसं दुखतही नव्हतं. पायातला जीव क्षणभर जायचा आणि परत यायचा.

पण दवाखान्यात आम्ही काय सांगितलं? "गुडघा दुखतो." आपल्याकडे गुडघ्याची कुठलीही तक्रार याच शब्दांत सांगायची सवय आहे. दोन महिने दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. औषध देणाऱ्यांना काय बोल लावणार? आम्हीच चुकीचं सांगितलं होतं. पुढे एका डॉक्टरांनी विचारलं, "सर, दुखतो म्हणून वाकतो, की न दुखताच वाकतो?" आम्ही म्हणालो, "दुखत नाही, दगा देतो." त्यांनी टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. डावी मांडी दोन सेंटिमीटर बारीक भरली.

गुडघा सरळ धरून ठेवतो तो मांडीच्या पुढचा मोठा स्नायू. त्याला हुकूम पोचवणारी नस कमरेच्या मणक्यातून येते. त्यामुळे गुडघा दगा देतो तेव्हा बिघाड गुडघ्यातच असेल असं नाही. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलेलं असू शकतं, तशीच कमरेत नस दबलेली असू शकते. जुन्या मधुमेहात मांडीच्या नसा कमजोर होतात. बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉइड बिघडलं, तरी पायातली ताकद जाते. गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने चार दिवस बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने घेतलं तर मांडीचे स्नायूच झिजतात. ज्यांना लहानपणी पोलिओ झाला होता, त्यांना तर तीस-चाळीस वर्षांनीही नव्याने कमजोरी येऊ शकते. आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्याआधी पोलिओ झालेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. त्यांनी जोराचा व्यायाम स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

एका बाबतीत मात्र थांबायचं नसतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गियान-बारे, म्हणजे जीबीएस या आजाराची साथ आली. राज्यात दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. दूषित पाण्यावर संशय गेला. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांना मुंग्या, मग दोन्ही पायांतली ताकद जाते आणि कमजोरी वर चढत जाते. श्वासापर्यंत पोचली तर जिवाशी गाठ असते. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण हळूहळू बरे होतात. म्हणून दोन्ही पाय काही तासांत किंवा दिवसांत लुळे पडू लागले, किंवा पायांबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर "पायावरून वारं गेलं" म्हणून घरी बसू नका. दम-दुआ जरूर करा, पण ती गाडीत बसून करा. आमच्या पाचोडहून घाटी रुग्णालय पन्नासेक किलोमीटरवर आहे. असा रुग्ण असेल तर सकाळची वाट पाहू नये.

आमचा आजार तसा नव्हता. तो सावकाश आलेला. साखर, थायरॉइड, कमरेचा एमआरआय, नसांची करंट देऊन होणारी तपासणी, सगळं झालं. बी-१२ थोडं कमी निघालं, पण एवढ्याने एकच पाय असा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आजाराला नाव मिळालं नाही. खरं सांगायचं तर तो दिवस फार जड गेला. डॉक्टर म्हणाले, "काय नाही ते कळलं, हेही थोडं नाही. दर तीन महिन्यांनी मांडी मोजू. तोवर आहे ती ताकद राखा." तेव्हापासून वहीत लिहितो: कुठल्या दिवशी, काय करताना, कितव्यांदा. डॉक्टरांना आमच्या बोलण्यापेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त होतो.

सर्वांत अवघड गेली ती मस्जिदमधली खुर्ची. पंचेचाळिशीत खुर्चीवर नमाज? लोक काय म्हणतील? तीन महिने ओढत राहिलो आणि सगळं लक्ष अल्लाहकडे नाही, गुडघ्याकडे. एके दिवशी एका बुजुर्गांनी न बोलता त्यांच्या शेजारी आमच्यासाठी खुर्ची मांडली. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारलं तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं की उभं राहून नमाज पढावी, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. ही हदीस आम्ही मुलांना कितीदा सांगितली असेल! स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र लाज आडवी आली. किती उभं राहावं, खुर्चीवर रुकू-सजदा कसा करावा, हे आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं.

घरात आम्ही थोडेच बदल केले. वुजूच्या जागी स्टूल आणि खाली न घसरणारी चटई. संडासात भिंतीला दांडा. जानमाजचे कोपरे वळलेले असतील तर ती बदलली. काठी धरायची ती कमजोर पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, एक हात कठड्यावर. व्यायाम शिकवणाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबायची, असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सहा महिन्यांत मांडी भरून आली नाही, पण आणखी बारीकही झाली नाही. पडणं महिन्याला चार वेळांवरून एकावर आलं. अल्हम्दुलिल्लाह.

आमच्या अम्मीही वर्षभर भिंत धरून चालत होत्या. विचारलं की म्हणायच्या, "वय झालं बेटा." आमचा प्रकार पाहिल्यावर एक दिवस हळूच बोलल्या, "माझाही गुडघा दुखत नाही रे, सटकतो." तपासलं, तर ड जीवनसत्त्व फार कमी. औषध चालू आहे आणि अम्मी आता अंगणापर्यंत एकट्या जातात.

तेव्हा आज घरातल्या मोठ्यांना एवढंच विचारा: दुखतो, की दगा देतो? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.