जप्तीनंतर पोपटाचे काय?

पाळलेले पोपट वनखात्याकडे सोपवण्याचे आवाहन योग्यच आहे, पण पुनर्वसनाच्या सोयीविना ते अपुरे आहे, असे आमचे मत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीनंतरही देशी पोपट संरक्षितच असल्याने ते दुसऱ्या घरी देता येत नाहीत. पंख छाटलेला, माणसाळलेला पक्षी तसाच रानात सोडला तर तो कावळ्या-मांजरांच्या तोंडी जातो. नवी पिसे येईपर्यंत थांबावे लागते, मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव द्यावा लागतो. जायबंदी पक्षी तर जन्मभर सांभाळावे लागतात. खर्च परवडणार नाही, हा आक्षेप टिकत नाही. ताब्यात घेतलेल्या जिवाची जबाबदारी सरकारचीच आहे. पुणे, नागपूरची उपचार केंद्रे कणकवली तालुक्यातल्या नांदगावहून फार दूर आहेत. वनखात्याने कणकवली परिसरात पशुवैद्यकासह पक्षी पुनर्वसन केंद्र तातडीने उभारावे.