शून्य की रिकामं?

अकोल्याच्या मित्राचा रात्री अकराला अमरावतीत फोन. ‘काऊन बे, सायरन वाजूनच नाही राह्यला!’ सकाळी नाटकाचा प्रयोग, आणि साहेबांनी आवाज केलेत ‘प्युअर डेटा’त. मिलर पकेट यांनी १९९६मध्ये आणलेलं हे फुकट सॉफ्टवेअर. कोड लिहायचा नाही, डबे वायरींनी जोडायचे. आपण बनवलेल्या डब्याच्या नावापुढे ४४० लिहिलं, की आत ‘डॉलर एक’च्या जागी ४४०. विसरलात तर? एरर नाही, गुपचूप शून्य! शून्य हर्ट्झ म्हणजे शांतता. बरं, मुद्दाम दिलेलं शून्यही तस्संच दिसतं, मग शून्य तपासून काय उपयोग? नव्या आवृत्त्यांत ‘पीडीकंट्रोल’ आहे. त्याला ‘आर्ग्ज’ विचारायचं, आलेली यादी मोजायची. लांबी शून्य, म्हणजे आकडा दिलाच नाही. बारा डबे तपासले, सातवा रिकामा. साडेबाराला फोनवरच सायरन ऐकला.