बोट निळे, पण नाडी लागते

खांदा कॉलनीतून एका भगिनीने विचारले आहे: अब्बांची अँजिओग्राफी झाली, तीन आठवड्यांनी दोन्ही पायांची बोटे निळी पडली, क्रिएटिनिनही वाढले. ‘व्हॅस्क्युलायटिस असेल, स्टेरॉइड लागेल’ असे सांगितले आहे. सुरू करावे का?

इथे बसून हो-नाही सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही. पण डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: हे कोलेस्टेरॉलचे कण तर नाहीत ना?

व्हॅस्क्युलायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच रक्तवाहिन्यांवर उलटते. ती दाबायला स्टेरॉइड देतात. मात्र तसेच चित्र वयाबरोबर साचलेल्या चरबीनेही उभे राहते. महाधमनीच्या आतला थर नळी घालताना खरवडला गेला, किंवा कधी आपोआप फुटला, की कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक वाहत जाऊन बोटांच्या आणि मूत्रपिंडाच्या लहान वाहिन्यांत अडकतात. डेन्मार्कचे डॉ. पानुम यांनी १८६२ मध्येच हे नोंदवले होते.

गोंधळ होतो, कारण यातही ताप येतो, वजन घटते, ईएसआर आणि इओसिनोफिल वाढतात, कातडीवर जांभळट जाळी उमटते. फरक कुठे? अँजिओग्राफीनंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्रास सुरू होतो आणि बोट निळे असूनही पायाची नाडी बहुधा नीट लागते. डायने बिघडलेले मूत्रपिंड बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांत सावरते. इथे क्रिएटिनिन हळूहळू चढत राहते. ‘एएनसीए’ तपासणी सहसा निगेटिव्ह येते. शंका उरली तर कातडीचा छोटा तुकडा तपासतात. त्यात सुईच्या आकाराच्या फटी दिसतात.

उपचाराचा भर स्टॅटिन, रक्तदाब, साखर आणि तंबाखू-बिडी बंद करण्यावर असतो. काही डॉक्टर यातही थोडे स्टेरॉइड देतात, पण त्याचा पुरावा भक्कम नाही, आणि मधुमेह असेल तर साखर भडकते. वॉरफेरिनसारखे औषध चालू असेल तर त्याबद्दल वेगळे विचारा. स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ करणारी गोळी मनाने मुळीच बंद करू नका.

उलटही घडते. तरुण मुलीच्या एका हाताची नाडी क्षीण लागत असेल तर तो ताकायासू आजार असू शकतो. तिथे स्टेरॉइडला उशीर नको.

घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा, वुजू करताना बोटांच्या रंगाकडेही नजर टाका. पाय अचानक थंड पडला, असह्य दुखू लागला, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.